लहान नौकांचा पराक्रम: 'पनवेल', 'पद्मा' आणि 'पलाश'

(आपल्या ढिवर समाजाच्या वार्षिक संमेलनात धानोरा येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय मात्र आमच्या मर्जीवर सोपविला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेले शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि शिक्षकाची एक खोड निवृत्तीनंतरही जात नाही. जे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे असे वाटते, ते सांगितल्यावाचून त्याला चैन पडत नाही. म्हणूनच आज आम्ही युद्धातील लहान नौकांचा विषय निवडला आहे.

विषय ऐकून कित्येकांच्या मुखावर नवल उमटले आहे, ते आम्हांस येथून दिसते. धानोऱ्यासारख्या अरण्यातील गावी समुद्रावरील लढाईचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. येथून पूर्वेचा समुद्र शेकडो मैल दूर, पश्चिमेचा त्याहूनही दूर. परंतु आपल्या कठाणीचे पाणी वैनगंगेस मिळते, वैनगंगा वर्धेस भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत विसर्जित होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. ज्या नौकांची हकिकत आम्ही सांगणार आहोत, त्या ज्या नद्यांतून गेल्या त्यांचे पाणीही त्याच उपसागरास मिळते. शिवाय आपला समाज हा पाण्यावर पोसलेला समाज आहे. डोंगा, जाळे, तलाव आणि नदी हीच आपल्या पूर्वजांची दौलत. नौकेची गोष्ट ढिवराने ऐकावयाची नाही, तर ती कोणी ऐकावयाची?

प्रथम लहान युद्धनौका म्हणजे काय, ते पाहू. सन १८६६ मध्ये व्हाइटहेड नामक इंग्रज यंत्रज्ञाने ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील फ्यूमे बंदरी टॉर्पेडो तयार केला. आपण त्यास पाणतीर म्हणतो. हा लोखंडी मासा पाण्याखालून स्वतःच्या यंत्रबळाने धावतो आणि जहाजाच्या पोटावर आदळून फुटतो. या शोधाने आरमारी युद्धाचा हिशेबच पालटला. तोवर मोठ्या जहाजाचा सामना मोठ्या जहाजानेच करावा, असा दंडक होता. कारण जड तोफ वाहावयास जड जहाज लागे. पाणतीर मात्र लहानशा नावेवरूनही सोडता येतो. तेव्हा हलकी, वेगवान, उथळ पाण्यातही चालणारी मोटारबोट बांधावी, तिच्यावर दोन-चार पाणतीर चढवावेत, काळोखात शत्रूच्या जवळ जावे, पाणतीर सोडावेत आणि आल्या वाटेने निसटावे, ही कल्पना पुढे आली. हीच टॉर्पेडो मोटारबोट.

पहिल्या महायुद्धात १० जून १९१८ रोजी इटलीच्या लुइजी रिझो या अधिकाऱ्याने अशाच एका चिमुकल्या बोटीतून ऑस्ट्रियाची 'सेंट इश्तवान' ही वीस हजार टनांहून अधिक वजनाची अजस्र युद्धनौका बुडविली. हत्तीस मुंगीने लोळविल्याची कथा आपण लेकरांना सांगतो. समुद्रावर ती अक्षरशः खरी झाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज, जर्मन, इटालियन, रशियन व अमेरिकन अशा सर्वांनीच या बोटी शेकड्यांनी बांधल्या. कित्येकांचे अंग लाकडी असे आणि पोटात पेट्रोल भरलेले असे. एक गोळा वर्मी लागला की बोटीची होळी व्हावयास वेळ लागत नसे. अशा बोटीवर चाकरी करणारे बहुतेक विशी-पंचविशीतले तरुण होते.

त्यांपैकी एकाचे नाव पुढे जगास ठाऊक झाले. २ ऑगस्ट १९४३ च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांजवळ 'अमागिरी' या जपानी विनाशिकेने अमेरिकेची 'पी. टी. १०९' ही बोट चिरडून तिचे दोन तुकडे केले. तेरांपैकी दोघे गेले. उरलेल्यांत एक जण भाजून निकामी झाला होता. बोटीच्या तरुण नायकाने त्या जखमीच्या तरंगपट्ट्याचा बंद स्वतःच्या दातांत धरला आणि त्यास ओढीत, तासन्‌तास पोहत एका निर्जन बेटास लाविले. तो नायक म्हणजे जॉन केनेडी. १९६१ मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. ही गोष्ट ध्यानी ठेवावी. तशीच एक गोष्ट आपल्या देशातीलही आम्ही सांगणार आहोत.

लहान नौकांचे बळ ओळखण्यास आपणांस पाश्चात्त्यांकडेच पाहावे लागते, असे मात्र कोणी समजू नये. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला. मायनाक भंडारी यांस त्या कामावर पाठविले. इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची कोंडी केली. पण मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारीत बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. इंग्रजांच्या थोर जहाजांस वारा पडला की हलता येत नसे आणि उथळ पाण्यात शिरता येत नसे. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत तर इंग्रजांचे 'डव्ह' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. मायनाक भंडारी आणि त्याचे सोबती हे दर्यावर्दी जातींतले, आपल्यासारखेच पाण्यावर पोट भरणारे लोक होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आता मुख्य हकिकतीकडे वळू. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कराने आपल्याच प्रजेवर अत्याचारांचा कहर केला आणि लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. गावात रेडिओ मोजकेच होते आणि जेथे रेडिओ असेल तेथे सायंकाळी माणसांची गर्दी होई. ऐकू येत असत त्या बातम्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या. नद्यांमधील युद्धाची वार्ता फारशी कोणास नव्हती, कारण ते युद्ध गुप्त होते.

बंगाल हा नद्यांचा मुलूख. तेथे सैन्याचे धान्य, दारूगोळा आणि माणसे जलमार्गाने जात. तो मार्ग तोडला की सैन्य पांगळे होणार, हे भारतीय नाविक दलाने जाणले. त्याच सुमारास फ्रान्समधील तूलाँ बंदरी 'मांग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवरील काही बंगाली नाविक पळाले व त्यांपैकी आठ जण भारतात येऊन पोहोचले. त्यांच्या भोवती मुक्तिवाहिनीचे नाविक पथक उभे राहिले. भागीरथीच्या काठी प्लासी येथे, जेथे १७५७ मध्ये हिंदुस्थानचे दैव फिरले त्याच गावानजीक, शिक्षणाची छावणी घातली गेली. तेथे आलेली मुले कोण होती? विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरे, नदीकाठच्या गावांतील तरुण. त्यांस बंदुकीचे ज्ञान नव्हते; पण लहानपणापासून नदीत पोहण्याचा सराव होता. जहाजाच्या पोटास चिकटणारा सुरुंग गमछाने छातीशी बांधून, रात्रीच्या वेळी, आवाज न करता, प्रवाहासोबत मैलोगणती कसे पोहावे, हे त्यांस शिकविण्यात आले. असे चारशेंहून अधिक तरुण तेथे तयार झाले.

१५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर या पोरांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांत एकाच वेळी घाला घातला. हल्ल्याची खूण म्हणून आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन गाणी लावण्यात आली होती. एक सज्ज होण्यासाठी, दुसरे निघण्यासाठी. इतर श्रोत्यांना ती नेहमीची गाणी वाटली. पहाटे जहाजांमागून जहाजे फुटू लागली. बंधूंनो, या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. एका बलाढ्य लष्कराचा पुरवठा कोणी तोडला? पोहता येणाऱ्या खेड्यातील मुलांनी. जी विद्या आपली पोरे वैनगंगेच्या डोहात वयाच्या सहाव्या वर्षी, कोणाच्याही शाळेत न जाता शिकतात, त्याच विद्येने हे घडविले.

या साऱ्या गुप्त कामाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांत एक मराठी अधिकारी प्रमुख होते: कमांडर मोहन नारायणराव सामंत. ते मूळचे पाणबुडीवरील अधिकारी. 'करंज' ही पाणबुडी १९६९ मध्ये आपल्या आरमारात आली, तेव्हा तिचे पहिले नायक तेच होते. १९७१ मध्ये त्यांस कलकत्त्यास धाडण्यात आले आणि नदीतील युद्धाचे जाळे विणण्याचे काम त्यांजकडे आले. जाळे विणणे हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. एक गाठ सैल राहिली तर सारा मासा निसटतो, हे आपणांस सांगावयास नको.

पोहणाऱ्या वीरांच्या जोडीस तोफांच्या नौका हव्या होत्या. कलकत्ता बंदराच्या 'अजय' आणि 'अक्षय' या दोन साध्या नौका देण्यात आल्या. त्यांवर बोफोर्स जातीच्या ४० मिलिमीटर तोफा बसविल्या आणि त्यांस नवी नावे मिळाली: 'पलाश' आणि 'पद्मा'. पद्मा हे बंगालमधील महानदीचे नाव. आणि पलाश म्हणजे दुसरे काही नसून आपला पळस. फाल्गुनात आपल्या जंगलाला आग लागल्याचा भास करून देणारे हे झाड बंगाल्यांनाही तितकेच लाडके. या दोन्ही नौकांवर नायक भारतीय होते आणि खलाशी बहुतांशी पाकिस्तानी आरमार सोडून आलेले बंगाली. नोव्हेंबरपासून या नौकांनी मोंगला बंदराच्या वाटेवर पाणसुरुंग पेरण्याचे काम केले.

डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाले. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या आपल्या तीन क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर धाड घातली. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका त्यांनी बुडविली आणि आपला एकही माणूस न गमावता त्या परतल्या. टॉर्पेडो बोटीचीच ही पुढची पिढी. पाणतिराच्या जागी क्षेपणास्त्र आले एवढेच. त्या विजयाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौसेना दिन पाळला जातो, आणि २०२३ साली तो आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सान्निध्यात मालवण परिसरात साजरा झाला. कराचीची गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. खुलन्याची गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणूनच ती सविस्तर सांगतो.

सामंतांच्या हाताखाली एक लहान तांडा सिद्ध करण्यात आला. त्यात 'पद्मा' व 'पलाश' या मुक्तिवाहिनीच्या दोन नौका, सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा' आणि आपल्या आरमाराची 'पनवेल' ही गस्ती नौका होती. पनवेल हे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे. कुलाबा जिल्ह्यातील, आताच्या रायगड जिल्ह्यातील, ते गाव. ही नौका रशियन बनावटीची, पोलुचाट जातीची; लांबी सुमारे ३० मीटर आणि वजन सुमारे ९० टन. मौजेची गोष्ट ही की, रशियाच्या आरमारात या जातीच्या नौकांचे काम सरावात सोडलेले पाणतीर पाण्यातून गोळा करून आणण्याचे असे. म्हणजे पाणतीर मारणाऱ्याची नव्हे, तर वेचून आणणाऱ्याची ही जात. मोठ्या आरमारात तिला कोण विचारतो? पण 'पनवेल'चे नायक लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा आणि तांड्याचे प्रमुख सामंत यांनी या लहानग्या नौकेकडून जे करून घेतले, ते मोठमोठ्या जहाजांच्या वाट्यास आले नाही.

सुंदरबनाच्या नद्या म्हणजे भूलभुलैया. भरतीस जेथे पाणी, ओहोटीस तेथे चिखल. दोन्ही काठांस दाट अरण्य. झाडीत शत्रू असला तरी दिसावयाचा नाही. आपल्या भागातील माणसास ही अडचण समजावून सांगण्याची जरुरी नाही. मोठ्या युद्धनौकांचे तेथे कामच नव्हते, कारण त्यांचे बूड टेकले असते. या अनोळखी वाटेने तांडा आत शिरला. तो काळही कसा होता पाहा. ९ डिसेंबरच्या रात्री पश्चिम समुद्रावर दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतिराने बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नाविक जलसमाधी पावले. त्याच रात्री पूर्वेस हा लहान तांडा नदीतून वर सरकत होता.

१० डिसेंबर १९७१ च्या सकाळी तांडा पशूर नदीवरील मोंगला बंदरात अचानक प्रकटला. शत्रूस याची कल्पनाच नव्हती. बंदर हाती आले. 'चित्रांगदा' तेथेच ठेवून उरलेल्या तीन नौका खुलन्याकडे निघाल्या. खुलना हे मोठे ठाणे. तेथे पाकिस्तानी आरमाराचा तळ आणि काठांवर तोफा-बंदुकांचा बंदोबस्त. पुढे 'पनवेल', मागे 'पद्मा' आणि 'पलाश'. माध्यान्हीच्या सुमारास खुलन्याच्या जहाजकारखान्याजवळ रूपसा नदीत त्या पोहोचल्या, तोच आकाशात विमाने दिसली.

विमाने आपली होती. नौकांवर ओळखीसाठी पिवळ्या रंगाची खूण पसरलेली होती. बंगाली खलाशांनी तोफा चालविण्याची परवानगी मागितली. ती देण्यात आली नाही, कारण विमाने भारतीय आहेत हे नायकांना दिसत होते. परंतु वैमानिकांस नौकांची ओळख पटली नाही. शत्रूच्या नौका समजून त्यांनी हल्ला चढविला. प्रथम 'पद्मा' पेटली, मग 'पलाश'. दोन्ही बुडाल्या. 'पनवेल' वाचली.

बंधूंनो, येथे सभागृह शांत झाले आहे. ही हकिकत सांगू नये, असे काहींस वाटत असेल. आपल्याच विमानांनी आपल्याच नौका बुडविल्या, हे मुलांना कशास सांगावे? त्या काळी काही ठिकाणी ती विमाने शत्रूचीच म्हणून सांगितली गेली. पण पुढे आपल्या आरमाराचा इतिहास लिहिणारे व्हाइस अॅडमिरल हिरानंदानी यांनी ती चूक आडपडदा न ठेवता नोंदविली. आणि सामंतांनीही उतारवयात एका सहलेखकाच्या साहाय्याने त्या गुप्त युद्धाची हकिकत इंग्रजी ग्रंथात सांगितली. तो ग्रंथ २०१९ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी सामंत निवर्तले. आमचे शिक्षकी मत असे आहे की, चूक झाकणाऱ्या इतिहासातून मुलगा फुशारकी शिकतो आणि चूक सांगणाऱ्या इतिहासातून सावधपणा शिकतो. पाण्यावरचा एक दल आणि आकाशातला दुसरा, दोघेही शूर, दोघेही एकाच देशाचे. परंतु एकाचा ठावठिकाणा दुसऱ्यास वेळेवर कळला नाही की शौर्यच घात करते. ज्यांनी त्या दिवशी प्राण दिले, त्यांचे मोल यामुळे तिळभरही उणे होत नाही. उलट ते कोणत्या परिस्थितीत झुंजले हे कळते आणि मस्तक अधिकच लवते.

त्यांत 'पलाश'चा यंत्रज्ञ मोहम्मद रुहुल अमीन याचे चरित्र आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. नोआखाली जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेला हा मनुष्य १९५३ साली पाकिस्तानच्या आरमारात भरती झाला. १९७१ मध्ये ती चाकरी सोडून तो मुक्तिवाहिनीस मिळाला. त्याचे स्थान वर, तोफेपाशी नव्हते. खाली, यंत्रांच्या कोठडीत होते. तेथून ना शत्रू दिसतो, ना आकाश. नौका पेटल्यावर ती सोडून जाण्याची आज्ञा झाली. रुहुल अमीन मात्र यंत्र वाचविण्यासाठी धडपडत राहिला, असे बांगलादेशात सांगतात. यंत्र चालू तर नौका चालू, आणि नौका चालू तर युद्ध चालू, एवढे सरळ गणित त्याच्या मनात असावे. शेवटी जखमी होऊन तो पाण्यात उतरला, काठास लागला आणि तेथे शत्रूच्या हस्तकांनी, रझाकारांनी, त्याचा वध केला. रूपसेच्या काठी त्याची कबर आहे. बांगलादेशाने आपला सर्वोच्च सन्मान, 'बीर श्रेष्ठ', अवघ्या सात वीरांना दिला. त्या सातांत रुहुल अमीन आहे. यंत्रकोठडीत तेलाने माखलेल्या कारागिरास राष्ट्राने सेनापतीच्याही वर बसविले, ही गोष्ट ज्या घरांतील मुले आज आय. टी. आय.मध्ये शिकत आहेत, त्या घरांनी ध्यानात घ्यावी.

दुसरा वीर हरियाणातील लीडिंग सीमन चिमणसिंग. त्याची नौका बुडाली तेव्हा त्याच्या अंगात गोळ्याचे तुकडे शिरले होते. पाण्यात पडलेल्या माणसांवर काठावरून बंदुका चालू होत्या. अशा वेळी एक घायाळ अधिकारी बुडत असल्याचे त्याने पाहिले. तो त्याच्याकडे पोहत गेला आणि त्यास काठावर आणले. केनेडीची गोष्ट आपण आठवावी. पण चिमणसिंगाची कामगिरी येथे संपली नाही. काठास लागताच तो जखमी स्थितीत शत्रूच्या रोखाने धावला, जेणेकरून गोळीबार स्वतःवर यावा आणि दोघा सोबत्यांस निसटण्यास अवसर मिळावा. ते निसटले, चिमणसिंग पकडला गेला. बांगलादेश मुक्त झाल्यावर तो सुटला आणि त्यास महावीरचक्र मिळाले.

'पनवेल'ने काय केले? भर दुपारी, दोन सोबती नौका डोळ्यांदेखत बुडालेल्या, काठावरून मारा चालू, आकाशाचा भरवसा उरलेला नाही. अशा स्थितीत सामंत आणि नोरोन्हा यांनी पाण्यातील माणसे उचलून घेतली. लढाईतील नौका परत फिरण्याची घाई करते, ते समजण्यासारखे आहे. पण बुडणाऱ्यास पाण्यात ठेवून जाऊ नये, हा नाविकाचा धर्म आहे. तो धर्म 'पनवेल'ने राखला. सामंत आणि नोरोन्हा या दोघांसही महावीरचक्र देण्यात आले. एका लहानशा तांड्याच्या एका मोहिमेतून तीन महावीरचक्रे यावीत, हा योग दुर्मिळ. पुढे सहाच दिवसांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यास पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.

ही हकिकत आम्ही येथवर सांगितली ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. तीवरून आपल्या समाजापुढे तीन गोष्टी ठेवाव्यात, असे मनात आहे. वडीलधाऱ्यांनी त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट पोहण्याच्या विद्येविषयी. आपल्या घरांतून ही विद्या हीन मानली जाऊ लागली आहे. मुलगा नदीवर गेला की आई-बाप रागावतात. 'ढिवराचे काम ढिवरापाशीच राहू दे, तू पुस्तक धर' असे म्हणतात. पुस्तक धरावेच, आम्ही शिक्षक, त्याविरुद्ध कसे बोलू? परंतु पुस्तकासाठी नदी सोडावी लागत नाही. नौसेनेच्या भरतीत काही जागांसाठी दहावी उत्तीर्ण एवढी पात्रता पुरते. २०२२ पासून ती भरती अग्निवीर योजनेखाली चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील चौथा हिस्सा पुढे कायम केला जातो. त्याच वर्षापासून खलाशांच्या जागा मुलींनाही खुल्या झाल्या. त्यांचे शिक्षण ओडिशातील चिल्का येथे मुलांच्या बरोबरीने होते. चार वर्षांची अट अडचणीची आहे, हे आम्ही नाकारीत नाही. घरचा विचार करूनच पाऊल टाकावे. परंतु आपल्या तालुक्यातील किती मुलांनी हा अर्ज पाहिला तरी आहे? सीमेवर जाणारा जवान आपल्या गावांस ठाऊक आहे. समुद्रावर जाणारा नाविक आपणांतून निघू शकतो, हे आपणांसच सुचत नाही. समुद्र दूर आहे म्हणून पाण्याचे नाते तुटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून निकडीची. 'पनवेल'ने बुडणाऱ्यांना उचलले. आपल्या जिल्ह्यात आपण ते करू शकतो काय? २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीच्या मजुरीस निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. त्या कोणत्या समाजाच्या होत्या, हे आम्ही विचारीत नाही. नदी जात विचारीत नाही. दिवसाच्या मजुरीसाठी निघालेल्या त्या माउल्यांच्या अंगावर तरंगपट्टा असता, तर कदाचित काही घरे उघडी पडली नसती. डोंगा चालविणे ही आपली पिढीजात विद्या. म्हणून डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची जोखीम प्रथम आपली. आमची विनंती अशी की, मंडळाच्या निधीतून दर वर्षी काही तरंगपट्टे घ्यावेत आणि उतारू नेणाऱ्या प्रत्येक डोंग्यास ते द्यावेत. ते होईपर्यंत निदान सुके तुंबे अथवा हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबा तरी डोंग्यात ठेवाव्यात. माणसे किती बसवावयाची, तो आकडा डोंग्यावर रंगाने लिहावा आणि पाटील आला तरी तो मोडू नये. आपल्या तलाव-संस्थांनी दर उन्हाळ्यात गावातील मुला-मुलींना बुडणाऱ्यास मागून धरून काठास कसे आणावे, याचे शिक्षण द्यावे. यास फार पैसा लागत नाही, इच्छा लागते.

तिसरी गोष्ट ओळखीच्या खुणेविषयी. रूपसा नदीत खूण होती, तरी ओळख पटली नाही आणि अनर्थ झाला. समाजातही असेच घडते. एकाच संस्थेचे दोन गट, एकाच गावची दोन मंडळे, एकाच तलावाच्या मासेमारीवरून दोन पक्ष. दोन्हींकडे आपलीच माणसे, दोन्हींकडे तळमळ. पण कोण कोठे उभा आहे, हे एकमेकांस न कळविल्यामुळे आपण आपल्याच नावेवर प्रहार करतो. ठेका कोणाचा, हिशेब कोठे, सभेचा ठराव काय, हे सर्वांस वेळेवर कळविले तर निम्मी भांडणे जन्मासच येणार नाहीत. मंडळाने प्रत्येक सभेचा वृत्तांत गावोगाव वाचून दाखविण्याची प्रथा पाडावी, अशी आम्ही सूचना करतो. आणि जेथे चूक झाली असेल, तेथे ती त्याच वृत्तांतात लिहावी. आरमारास जे जमले, ते मंडळास न जमण्याचे कारण नाही.

शेवटी एवढेच सांगतो. 'पद्मा' आणि 'पलाश' रूपसेच्या तळाशी गेल्या तेव्हा त्यांचे आयुष्य नौसेवेत जेमतेम काही आठवड्यांचे होते. बंदरातील साध्या नौका म्हणून त्या जन्मल्या आणि दोन देशांच्या इतिहासात नाव लावून गेल्या. जहाजाची थोरवी त्याच्या टनांवरून ठरत नाही, तशी समाजाची थोरवी त्याच्या शिरगणतीवरून ठरत नाही. संकटात तो कोणास हात देतो, यावरून ती ठरते. आपला समाज लहान आहे. त्याचे काम लहान असू नये.

 

जय हिंद! जय महाराष्ट्र!